‘मिसगिव्हिंग’चा वाक्यात उपयोग

उभा जन्म मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. धडा संपला की खडू खाली ठेवायचा, हात झटकायचे आणि विचारायचं, ‘एनी डाउट्स?’ वर्ग एका सुरात ‘नो मॅडम’ म्हणायचा, कारण घंटा व्हायला आलेली असायची. एखाद्याला खरंच काही विचारायचं असलं तर तो बिचारा चाचरत उभा राहायचा, ‘मॅडम, आय हॅव अ डाउट.’ यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. ते कळलं निवृत्तीनंतर, नेदरलँड्समध्ये, करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, आणि तेही एका स्पॅनिश मुलीकडून.

ती स्वयंपाकघरात आली तीच लालबुंद होऊन. तिचा इंग्रजीचा ऑनलाइन क्लास नुकताच संपला होता. शिकवणाऱ्या माणसाने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं की प्रश्न विचारायचा असेल तर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणायचं नाही. डाउट म्हणजे अविश्वास. तुमचा माझ्यावर विश्वासच नाही असं ते ऐकू येतं.

‘काकू, आमच्याकडे असंच म्हणतात. माझ्याकडे एक शंका आहे. यात विश्वासाचा काय संबंध?’

‘अगं, अख्खा भारत असंच बोलतो,’ मी म्हटलं. ‘आम्ही काय सगळे वेडे?’

‘अख्खा स्पेनसुद्धा!’

आम्ही कोपराला कोपर लावलं आणि त्या मास्तराचा निषेध केला. मग मी चहा टाकला, आणि तिला म्हटलं, तो क्लास राहू दे बाजूला, उद्यापासून माझ्याकडे बस. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, तिचं स्पॅनिश वळणाचं, माझं नाशिकरोडच्या वळणाचं. पण शिकवणीआधीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आमचे हे गेले. घरात मी एकटी, आणि माणसं भेटायला आली की मला रडवून जायची. मुलगा म्हणाला, आई, थोडे दिवस माझ्याकडे ये, हवापालट होईल. तो इथे आयटीत. ऑफिस युट्रेख्टला, घर मात्र बाडहूव्हडॉर्पला, म्हणजे विमानतळाच्या अगदी कुशीत. थंडी सरता सरता मी उतरले, तर बाहेर तो उभा आणि त्याच्या शेजारी कुरळ्या केसांची एक मुलगी, हातात पिवळी ट्यूलिपची फुलं घेऊन.

‘आई, ही माझी फ्लॅटमेट,’ मुलगा म्हणाला. ‘इथे घरं मिळायची मारामार आहे ना, म्हणून दोघांत एक घेतलंय.’

‘नमस्कार, काकू,’ ती म्हणाली. काकू हा शब्द तिला त्यानेच शिकवला होता, मित्राच्या आईला म्हणतात तो.

आता मी आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई. टेबलाखाली कोणाचा हात कुठे आहे हे मला फळ्याकडे तोंड असताना कळतं. घरात शिरल्या शिरल्या मला सगळं दिसलं. ‘तिच्या’ खोलीच्या दारामागे माझ्या मुलाचा थंडीचा कोट लटकत होता. तिच्या पायात त्याचे मोजे होते. भिंतीवरच्या फळीवर धूळ बसलेली आणि मधोमध फोटोफ्रेमएवढा चौकोन मात्र लख्ख. आणि जेवताना तिने न विचारता त्याच्या ताटातला कढीपत्ता उचलून आपल्या ताटात घेतला. हे काय फ्लॅटमेट करते होय? माझ्या शाळेत मी सहकाऱ्याच्या डब्यातलं कधी काही उचललं नाही.

दुसरी खोली मला दिली आणि मुलगा बैठकीतल्या सोफ्यावर झोपायला लागला. सहा फुटी माणूस आणि सोफा दोन माणसांनी बसायचा. रोज सकाळी कंबर धरून उठायचा. मी म्हणायचे, ‘काय रे, दुखतंय का?’ तो म्हणायचा, ‘छे, मस्त झोप लागली.’ मी मनात म्हणायचे, दुखू दे. चांगली दुखू दे.

मी विचारलं का नाही, असं कोणीही म्हणेल. विचारणार नव्हतेच. आमच्या घरात विचारायला आणि सांगायला कधी बंदी नव्हती. ह्यांचा तर हट्टच असायचा, कुणी सांगितलं म्हणून मानू नकोस, आधी तपासून बघ. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसून बापलेक तासन्‌तास वाद घालायचे. शाळेतून मार खाऊन आला तरी पोरगा घरी येऊन सांगायचा. अशा घरात वाढलेल्या मुलाला आपल्या आईला एक वाक्य सांगता येऊ नये? मुलगी स्पॅनिश आहे याचं मला काहीच नव्हतं. त्याने मला परकं केलं, हे लागलं होतं. मी ठरवलं, परत जायच्या आत तो आपल्या तोंडाने सांगेल. मी एका शब्दाने विचारणार नाही.

आणि मग सगळं जगच बंद झालं. मला वसंतात परत जायचं होतं, ते तिकीट रद्द झालं. या गावात दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं, खिडकीची काच थरथरायची. एके दिवशी ती थरथर थांबली. लोक म्हणायचे किती छान शांतता, पक्षी ऐकू येतात. मला मात्र धसका बसला. वर आभाळात काही नाही म्हणजे मी घरी जाऊ शकत नाही, एवढंच मला त्यातून कळत होतं.

मुलगा दिवसभर कानाला हेडफोन लावून मीटिंगांत. ती विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला होती. विमानंच नाहीत म्हटल्यावर तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. दोन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, आता युट्रेख्टला पुढचं शिकते. त्यासाठी इंग्रजीची मोठी परीक्षा द्यायला हवी होती. बोलायची ती धडाधड, पण सगळं गुड, नाइस आणि प्रॉब्लेम एवढ्या तीन शब्दांत. म्हणून तो क्लास, आणि क्लासमधली ती डाउटची भानगड, आणि त्यातून मी.

माझी पद्धत जुनीच. शब्द, स्पेलिंग, अर्थ, विरुद्धार्थी शब्द, वाक्यात उपयोग. फळा नव्हता, म्हणून मी फ्रिजच्या पांढऱ्या दारावर मार्करने लिहायला लागले. मुलगा पाणी प्यायला आला आणि ओरडला, ‘आई! फ्रिजवर?’

‘मग काय तुझ्या कपाळावर लिहू?’ मी म्हटलं. ती खुदकन हसली.

वाक्याचा माझा एक नियम होता. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं पाहिजे. पुस्तकातलं, दुसऱ्याचं, हवेतलं चालणार नाही. हा नियम मी मुळात घरातल्या या लबाडासाठीच केला होता. लहानपणी कोणताही शब्द द्या, हा एकच वाक्य लिहायचा. आय नो द मीनिंग ऑफ एलिफंट. आय नो द मीनिंग ऑफ करेज. वाक्य बरोबर, शब्द वापरलेला, आणि हत्तीचा पत्ता नाही. एकदा ह्यांनी त्याची वही बघितली आणि हसून हसून ठसका लागला, म्हणाले, वकील कर याला. मी मात्र त्याला ओट्याशी उभा करून प्रत्येक शब्दाचं नवं वाक्य तोंडी बोलायला लावलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं, साभिनय. आतल्या खोलीत मीटिंग चालू होती, नाहीतर तो धावत आला असता.

अशी आमची शाळा सुरू झाली. सकाळी नऊला ती टेबलापाशी हजर, केस वर बांधलेले, पेन्सिल कानामागे. मी शिकवायचे आणि ती बटाटे सोलायची, कारण तिचा तो बटाट्या-अंड्याचा जाड पोळा आठवड्यातून दोनदा व्हायचाच. माझ्या फोडणीवरून आमचं भांडण. ती ऑलिव्हच्या तेलात मोहरी टाकायला निघायची आणि मी ‘अगं बाई, थांब!’ म्हणून तिचा हात धरायचे. लसणाच्या बाबतीत मात्र दोघींचं एकमत, कितीही घाला. रायस्वाइकला राहणारे मुलाचे मित्र महिन्यातून एकदा गाडीने येऊन दाराबाहेर पोह्यांची आणि डाळींची पिशवी ठेवून जायचे आणि लांबून हात हलवायचे. त्यांच्यासमोरही ती ‘फ्लॅटमेट’. ती मंडळीसुद्धा इतकी निरागस चेहऱ्याने बघायची की मला कळलं, यांना सगळं माहीत आहे. म्हणजे अख्ख्या हॉलंडला ठाऊक आणि आईला नाही!

तरी मी गप्प. आणि खरं सांगते, त्या मुलीने मला माणसांत आणलं. ह्यांच्यानंतर मला सकाळी उठायचं काही कारणच उरलं नव्हतं. आता मी अंथरुणातच विचार करायचे, आज हिला कोणता शब्द द्यावा.

शंकेच्या शब्दांचा आठवडा निघाला तो त्या मास्तरामुळेच. म्हटलं, हा मुद्दा पक्का करून टाकू. फ्रिजवर खाली खाली लिहीत गेले, डाउट, सस्पिशन, हेझिटेशन. तिचं म्हणणं, आमच्याकडे सगळ्याला एकच शब्द पुरतो, इंग्रजांना एवढे कशाला लागतात? मी म्हटलं, त्यांना शंका फार. मग शेवटी लिहिलं, मिसगिव्हिंग.

हा शब्द तिच्या काही डोक्यात शिरेना. मी समजावलं. ‘बघ, सगळं ठीक दिसतंय. कुणी खोटं बोलत नाहीये, हातात पुरावा नाही. तरी आत काहीतरी खुपतंय. हे करावं की करू नये, पुढे नीट होईल ना, असं वाटत राहतं. ते मिसगिव्हिंग. आमच्याकडे म्हणतात, मनात पाल चुकचुकली.’

‘पाल? भिंतीवरची?’

मग मला पालीची सगळी गोष्ट सांगावी लागली. आमच्या लहानपणी कुणी काही बोलत असताना भिंतीवर पाल चुकचुकली की बायका बोटाने जमिनीवर टकटक करायच्या. शेजारणी त्याबरोबर ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायच्या. आमच्याकडे देवांचा निरोप आधीच घेतलेला, त्यामुळे आई नुसतीच टकटक करायची. लग्नानंतर हे माझी थट्टा करायचे, ‘एवढी शिकलेली बाई, पालीला काय कळतं?’ मी म्हणायचे, काही कळत नाही. पण बोट वाजायचं ते वाजायचंच.

तिला हे भलतंच आवडलं. तिच्या गावाकडे म्हणे अशा वेळी कानामागे माशी बसली असं म्हणतात.

‘वा,’ मी म्हटलं, ‘मग माझी पाल तुझी माशी खाईल. जेवणाची सोय झाली.’

‘पण काकू, इथे पाली नाहीत. मग यांना कळतं कसं?’

त्या दिवसापासून तिने पालीचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. मुलगा म्हणाला, ‘पाचच मिनिटांत येतो जेवायला,’ की हिची बोटं टेबलावर टक टक टक. टीव्हीवर कुणी सांगितलं की आणखी थोडेच आठवडे कळ काढा, की टक टक टक. मुलगा माझ्याकडे बघायचा. ‘हे काय चाललंय तुमचं?’ आम्ही दोघी मख्ख.

उन्हाळा वर चढला. मग एक दिवस काच थरथरली. मी हातातलं टाकून गॅलरीत धावले. खरंच विमान होतं. आपल्या सरकारने अडकलेल्यांसाठी खास विमानं सोडली होती आणि मुलाने माझं नाव केव्हाच नोंदवून ठेवलेलं. आठवडाभरात निरोप आला, पुढच्या शनिवारी जागा मिळाली. मला आनंद व्हायला हवा होता. घर, माझ्या कुंड्या, माझी माणसं. पण मुलगा अजून बोलला नव्हता. रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघायचे, काही फुटतंय का. तो म्हणायचा, ‘आई, बॅगेचं वजन करू या का?’ बॅगेचं कसलं डोंबल वजन!

बुधवारी सकाळी आम्ही दोघी टेबलापाशी. उजळणी चालू होती. मी म्हटलं, ‘मिसगिव्हिंग. वाक्यात उपयोग कर.’

ती म्हणाली, डच पावाबद्दल माझ्या आईच्या मनात मिसगिव्हिंग्ज आहेत.

‘ते तुझ्या आईचं झालं. तुझं सांग. नियम म्हणजे नियम.’

ती बटाटा सोलत होती. सुरी थांबली. खाली बघतच, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, ‘आय हॅव मिसगिव्हिंग्ज अबाउट मॅरिंग युवर सन.’

आणि मी, इतक्या वर्षांची सवय, काय म्हणावं? मी म्हणाले, ‘व्हेरी गुड.’ वाक्य अगदी चोख होतं. शाबासकी देऊन झाली आणि मग त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला.

तिने सुरी टाकून तोंडावर हात ठेवला. ‘काकू, तुम्हाला माहीत नव्हतं...’

‘अगं, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कोट, मोजे, कढीपत्ता. मी काय आंधळी आहे?’

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी पदर पुढे केला, तर तिने खरंच त्याला नाक पुसलं. मग सगळं बोलली. त्याने तिला हिवाळ्यातच लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली होती, आई येते आहे ना, आधी तिला सांग, मग मी हो म्हणते. तेव्हापासून तो रोज म्हणतो, उद्या सांगतो. ‘तो चांगला आहे, काकू. फार चांगला आहे. पण जो आपल्या आईला माझ्याबद्दल सांगू शकत नाही, तो उद्या कोणासमोर माझ्या बाजूने उभा राहील? तुम्ही शनिवारी जाल. तोपर्यंत तो बोलला नाही, तर मीपण जाते. सीमा उघडल्या आहेत. शिकायचं ते मी घरी राहूनही शिकेन.’

ती गेली तर या घराचं काय होईल ते मला लख्ख दिसलं. फ्रिजवरचे शब्द तेवढे राहतील आणि माझा मुलगा तो छोटा सोफा सोडून मोठ्या पलंगावर एकटा झोपेल. आणि मीसुद्धा हिला मुकेन. सून-बिन ते सगळं नंतर, मला हे माणूस हवं होतं.

‘मी बोलू का त्याच्याशी?’ मी विचारलं.

‘नाही. तुम्ही बोलायला लावलंत तर ते त्याचं होणार नाही.’

बरोबर होतं तिचं. माझाच नियम ती मला सांगत होती, वाक्य स्वतःचं पाहिजे. मी म्हटलं, ‘विचारणार मी नाहीच. पण गृहपाठ द्यायला तर हरकत नाही ना?’

संध्याकाळी जेवायला बसलो. तिचा बटाट्याचा पोळा, माझी आमटी आणि भात. उन्हं अजून सगळीकडे. मुलगा लॅपटॉप मिटून आला, पहिला घास उचलला, आणि मी म्हटलं, ‘थांब. आज तुझाही तास आहे. मिसगिव्हिंग. वाक्यात उपयोग कर.’

‘आई, मी आत्ता मीटिंगमधून आलोय गं.’

‘घास खाली ठेव.’

त्याने घास खाली ठेवला. एवढा मोठा झाला तरी हा आवाज काम करतो. मग बेरकी हसला आणि म्हणाला, ‘आय नो द मीनिंग ऑफ मिसगिव्हिंग.’

टक टक टक, समोरून बोटं वाजली. मी म्हटलं, ‘शून्य.’

‘सम पीपल हॅव मिसगिव्हिंग्ज.’

‘कोण सम पीपल? त्यांना नावगाव आहे की नाही? नियम माहीत आहे तुला.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने मान वळवली नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. वरून विमान गेलं, आमटीच्या वाटीला वाटी लागून किणकिण झाली.

‘आई,’ तो म्हणाला, ‘हे मराठीत सांगू का?’

‘सांग.’

‘मला हिच्याशी लग्न करायचंय. तुला माहीत आहेच, मला कळतं गं. तू तो कोट बघितला होतास तेव्हाच मला कळलं. हिच्याबद्दल सांगायची भीती नव्हतीच. ते सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं. मी परत येणार नाहीये, आई. हिचं शिक्षण इथे, माझं काम इथे. आणि बाबांना मी शब्द दिला होता. शेवटच्या दिवसांत. म्हणालो होतो, दोन वर्षांत येतो, आईला एकटी ठेवणार नाही. त्यांनी माझा हात दाबला होता. आता त्यांना जाऊन सांगूही शकत नाही की जमत नाहीये. तुला कसं सांगू? रोज सकाळी उठायचो, आज सांगू म्हणायचो, आणि तू मस्तपैकी फ्रिजवर काहीतरी लिहीत असायचीस.’

मी काय समजत होते आणि निघालं काय! मला वाटलं होतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. आणि हा पोरगा इतके महिने बापाला दिलेला शब्द घेऊन त्या दोन वितीच्या सोफ्यावर पडत होता. कंबर उगीच नव्हती दुखत त्याची.

आणि खरं सांगायचं तर घाव तिकडून बसला जिकडे मी बघतच नव्हते. तो परत येणार, हे मी धरूनच चालले होते. यायच्या आधी त्याची खोली रंगवून घेतली होती. त्याच्या सायकलला दर महिन्याला हवा भरून ठेवत होते. मला रडू येणार होतं, म्हणून मी रागावले. ते मला बरं जमतं.

‘शहाणा आहेस! बापलेकांनी मिळून शब्द दिला-घेतला, मला विचारलं होतं का कोणी? मी काय कुंडी आहे, हिला एकटी ठेवायची की सोबत ठेवायची ते तुम्ही ठरवायला? मला पाय आहेत, पासपोर्ट आहे. आता तर मला इथली ट्रामसुद्धा कळते.’

‘हो आई.’

‘आणि आमच्या ह्यांना मी सांगेन काय ते. त्यांचं माझं बघून घेऊ आम्ही. तू आधी तिला सांग, काय बोललास ते. ती बिचारी तोंडाकडे बघते आहे.’

त्याने इंग्रजीत सांगितलं. सगळं, शब्दासकट, हात दाबला होता त्यासकट. ती ऐकत राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं. तो भित्रा आहे असं ती समजत होती, जसं मी त्याला परका समजत होते. ती उठली, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचे केस विसकटले. मी आमटीकडे बघितलं. आमटी पार निवली होती.

‘मग?’ मी तिला विचारलं. ‘सकाळचं वाक्य अजून तसंच आहे का?’

खोटं बोलणं तिला जमतच नाही. ‘थोड्या मिसगिव्हिंग्ज आहेत अजून,’ ती म्हणाली. ‘पण आता त्या त्याच्यासमोर बोलता येतील. मी थांबते.’

मुलाने डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग भुकेजल्यासारखा पोळ्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. मी आमटी गरम करायला उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘काकू, बसा. टीचरने पण वाक्य करायचं. नियम म्हणजे नियम.’

मी पुन्हा बसले. दोघं माझ्याकडे बघत होते. मुलगा तर असा, लहानपणी निकालाच्या दिवशी बघायचा तसा. मी पाठ ताठ केली, पदर नीट केला आणि वर्गात म्हणायचे तशी स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाले, ‘आय हॅव नो मिसगिव्हिंग्ज.’

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. त्याने लगेच विश्वास ठेवला, मुलगेच ते. त्याने वाटी उचलली आणि स्वतः आमटी गरम करायला ओट्याकडे गेला.

ती जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात लांब केला आणि माझ्या ताटाशेजारी, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, टेबलावर बोट वाजवलं. टक टक टक. मी तिचा हात धरला आणि आमटी येईपर्यंत सोडला नाही.